गझलगायकाचा आठवीत प्रवेश

पाचोरा तालुक्यातील एका शाळेत बास्केटबॉलचा चेंडू होता, पण तो खेळण्यासाठी नव्हता. खेळला तर झिजणार, झिजला तर बाद करावा लागणार, आणि बाद करायला तीन सदस्यांची समिती लागते. त्यातल्या एकाची बदली झाली होती. म्हणून चेंडू कपाटात सुरक्षित होता.

आठवीतली अलफिया चिंध्यांचा गोळा बांधून मैदानावरच्या बास्केटच्या कडीत टाकायची. दहापैकी नऊ आत जात. तिला धुळ्याच्या स्पर्धेत खेळायचे होते, एवढेच.

अशात शिक्षण कार्यालयाचे परिपत्रक आले. प्रत्येक शाळेने आठ दिवसांत बास्केटबॉल खेळून छायाचित्र पाठवावे. मुख्याध्यापक योगराज सरांनी अलफियाचे वडील, टीव्ही दुरुस्त करणारे कादरभाई, यांना बोलावले. त्यांच्याकडे तीस वर्षांपूर्वीचा एक व्हिडिओ गेम होता. त्यात तेव्हाचे पाच लोकप्रिय कलावंत बास्केटबॉल खेळत. पॉपगायिका काळा चष्मा लावून धावे, ढोलकीवादक दोन्ही हातांनी चेंडू आपटे, आणि गझलगायक तीच चाल तीनदा केल्याशिवाय चेंडू सोडत नसे. कादरभाईंनी कॅसेटवर फुंकर मारली. पडद्याचे छायाचित्र रवाना झाले.

कार्यालय प्रसन्न झाले. धूळ नाही, दुखापत नाही. फक्त खेळाडूंचे हजेरीपटावरील क्रमांक मागवले. सरांनी पाचही कलावंतांना आठवीत प्रवेश दिला. तुकडी वाचवायला तेवढीच मुले कमी पडत होती. गझलगायकाचे वय कार्यालयाला जास्त वाटले. सरांनी कळवले, की सदर विद्यार्थी गेल्या तीस वर्षांत एका दिवसानेही मोठा झालेला नाही. मंजुरी आली. पाचही जणांची हजेरी शंभर टक्के भरली, आणि खिचडीही त्यांच्या नावाने संपू लागली.

मग धुळ्याला जाणारा संघ जाहीर झाला. पाच नावे होती, पाचही कलावंतांची.

"सर, माझं नाव नाही यात."

"बेटा, तुझा खेळतानाचा फोटोच नाही."

"चेंडू दिला असता तर निघाला असता."

"मिळेल ना. समिती होऊ दे."

कादरभाई शेजारीच वायर गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

अलफिया धुळ्याला गेली, विजेचा बोर्ड धरायला. मैदानाच्या मध्यभागी टीव्ही मांडला होता. दोनशे पालक जमले होते. गुण बरोबरीत, शेवटचे पाच सेकंद, आणि गझलगायकाने फेकलेला चेंडू हवेत. तेवढ्यात आयोजकांच्या सजावटीतला एक खरा चेंडू घरंगळत अलफियाच्या पायाशी आला. तिने बोर्ड खाली ठेवला, चेंडू उचलला आणि टीव्हीच्या डोक्यावरून समोरच्या कडीत टाकला. कडीला न शिवता तो आत गेला.

"ए पोर, बाजूले सरक," मागून कोणीतरी म्हणाले, "काहीच दिसत नही शे."

अलफिया बाजूला सरकली.

गझलगायकाचा चेंडू आत गेला की नाही, हे मी मुद्दाम सांगितलेले नाही. वाचक तिथेच अडकले असतील, तर तेही त्या दोनशे जणांतच बसले आहेत.