पावणेपाच मैलांचा दवाखाना

१९६२ साली पिंपळझिऱ्याला सरकारी दवाखाना द्यावा की देऊ नये, हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सोडवायचे ठरले. नियम साधा होता. जवळचा दवाखाना पाच मैलांपलीकडे असेल, तर गावाला स्वतःचा मिळेल. परतवाड्याचा दवाखाना जवळचा, पण किती जवळचा हे कागदावर कुठेच नव्हते. आली का पंचाईत! तेव्हा अमरावतीच्या कॉलेजात भूगोल शिकणाऱ्या धर्मपालने आपल्या या गावाचा नकाशा विद्यार्थ्यांच्या संशोधन परिषदेत मांडावा आणि आरोग्य खात्याच्या साहेबांनी तो पाहून निर्णय घ्यावा, असे ठरले. त्याच्या मायला, जमुनाबाईला, दमा होता. तिने दवाखान्यासाठी जागासुद्धा हेरून ठेवली.

धर्मपालने आधी गाडीवान डोमाजीला विचारले.

"परतवाडा? सात बिड्या."

"काका, बिडी हे काय माप झालं?"

"काहून? नाल्याचा फेरा, टेकडीचा वळसा, समदं धरून सातच लागते. पाह्यजे तं संगं बस अन् मोज."

धर्मपालला हसू आवरेना. शिकलेल्या माणसाला ते येतेच. त्याने कॉलेजातून मोजणीची साखळी आणली, तिपाई आणली, पंधरा दिवस उन्हात करपला आणि असा नकाशा काढला की गावातली बाभळसुद्धा आपल्या जागेवरून हलली नाही.

परिषदेत त्याने भाषणाची सुरुवातच डोमाजीच्या बिड्यांनी केली. अमरावती-अकोल्याची पोरे पोट धरून हसली. मग परीक्षक शेषराव सरांनी अंतर विचारले.

"साडेसात मैल, सर. गाडीवाटेनं."

"वाटेनं?" सर दचकले. "अहो, वाट पावसाळ्यात वेगळी, उन्हाळ्यात वेगळी! शास्त्र असं भटकत नाही. पट्टी लावा."

धर्मपालने पट्टी लावली. टेकडीच्या पोटातून, नाल्यावरून, सरळ. पावणेपाच मैल. मायची आठवण झाली नाही असे नाही, पण समोर टेबलावर पहिल्या बक्षिसाची ढाल चमकत होती.

"बरोबर आहे सर, पावणेपाच," तो म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी तिथेच टिपून घेतले: अंतर पाच मैलांच्या आत, दवाखान्याची गरज नाही.

चार महिन्यांनी जमुनाबाईला धाप लागली. डोमाजीने गाडी जुंपली. धर्मपालने मायचे डोके मांडीवर घेतले.

टेकडीच्या वळशावर तिने कसेबसे विचारले, "किती राह्यलं रे, बापू?"

मैल-फर्लांग त्याला तोंडपाठ होते.

"तीन बिड्या, माय," तो म्हणाला.

परतवाड्याच्या दवाखान्यात सुई टोचल्यावर तिचा श्वास खाली बसला. डॉक्टर मात्र तापले. "इतका उशीर काहून केला? गाव तर पावणेपाच मैलांवर आहे तुमचं!" त्यांच्या पाठीमागे भिंतीवर धर्मपालचाच नकाशा टांगला होता.

डोमाजी हसला नाही. हसण्याचे काम तुम्ही-आम्ही मघाशीच केले होते, त्याने सात बिड्या सांगितल्या तेव्हा.