चाळीस घरांची दुसरी पसंती

शहराच्या सातारा परिसरातल्या सहजीवन कॉलनीत पाणी समितीची निवडणूक आली, की गणिताचे निवृत्त मास्तर राजकुमार सर पडत. अकरा वर्षं हे न चुकता चाललं होतं. कॉलनीत घरं चाळीस. पुढच्या गल्लीत अठ्ठावीस, मागच्या गल्लीत बारा. सर मागच्या गल्लीतले. हात वर करून मतदान झालं, की तिन्ही जागा पुढच्या गल्लीला. मग टँकरही आधी तिथंच थांबे, आणि मागं येईपर्यंत त्यात नुसता खडखडाट उरे.

यंदा सरांनी नवी पद्धत सुचवली. महापालिकेनंही हीच घ्यावी, म्हणून ते वर्तमानपत्रांना पत्रं पाठवत. ती छापून येत नसत. अध्यक्ष मल्हाररावांना पद्धत कळली नाही, पण चारचौघांत तसं म्हणायची लाज वाटून त्यांनीच आधी मान्यता दिली.

"घराला एक चिठ्ठी. उमेदवारांना पसंतीचे नंबर द्यायचे," सर म्हणाले. "ज्याला अकरा चिठ्ठ्यांवर पहिला नंबर, तो निवडून आला. जागा तीन, आणि चाळीसांत चौघांना अकरा मिळूच शकत नाहीत. कुणी बाद झाला, तर त्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या नंबरकडं जातात. मत वाया म्हणून जात नाही!"

"म्हंजी आमच्या बारा घरांनाबी एक जागा?" मागच्या गल्लीतल्या कडूबाईंनी विचारलं आणि लगेच अर्ज भरला.

सर प्रचाराला निघाले. पण स्वतःसाठी मत मागायचं म्हटलं, की ते पावसापाण्यावर बोलू लागत. त्यांनी त्यावर तोड काढली. "पहिला नंबर तुमच्या माणसाला द्या. मला आपला दुसरा द्या."

"दिला, सर! शब्द!" ना आढेवेढे, ना रुसवेफुगवे. चाळीसही घरांत त्यांचं मनापासून स्वागत झालं.

मोजणी येणारे एकटे सरच, म्हणून तीही त्यांच्याच गळ्यात पडली. कडूबाई बारा; पुढच्या गल्लीतले मल्हारराव अकरा, बद्रीनाथ अकरा, आशाबाई सहा. सरांना भोपळा. तिन्ही जागा पहिल्याच फेरीत भरल्या. दुसऱ्या नंबरची गरजच उरली नाही.

सरांनी चिठ्ठ्या पुन्हा चाळल्या. एकूण एक चिठ्ठीवर त्यांच्या नावापुढं दोनचा आकडा होता.

"आता फुडं काय असतं, सर?" मल्हाररावांनी विचारलं.

आता दुसरे नंबर मोजायचे, एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं. कॉलनीत कुणाला पत्ता लागला नसता. अकरा वर्षांचं उट्टं निघालं असतं. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"पुढं काही नसतं," सर म्हणाले. "संपलं."

"असं कसं? आमी तुमाला दुसरा दिला व्हता!" आशाबाई स्वतःचं पडणं विसरून कळवळल्या.

"आमीबी दिला!" "आमीबी!" सगळ्यांनी शब्द पाळल्याचं हात हातात घेऊन सांगितलं. मल्हाररावांनी आपल्या गळ्यातला हार सरांना घातला.

"लई सज्जन पद्धत हाय," ते म्हणाले. "कुणाशी वाकडं येत नाय. महापालिकेत आलीच पायजे!"

सर घरी आले. हार पाहून रत्नमालाबाई आधी हसल्या, मग त्यांना सगळं कळलं.

"लोकांचं जाऊ द्या. आपल्या घराचा पहिला नंबर कुणाला दिला व्हता?"

"कडूबाईंना," सर पुटपुटले. "स्वतःला पहिला देणं बरं दिसत नाही गं."

तेवढ्यात दारात टँकर थांबला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो भरलेला होता. कडूबाई त्याच्यापुढं उभ्या राहून ओरडत होत्या, "समितीची मेंबर हाय मी! आधी मागची गल्ली!"

रत्नमालाबाईंनी टँकरकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं.

"पद्धत चांगली हाय तुमची," त्या म्हणाल्या. "आता हार काढा अन् हंडे घ्या."