पोपटी खणातला निकाल

माझ्या देवघरातून आजवर कापसाची वातसुद्धा हरवलेली नाही. ही बढाई नव्हे. बढाई मारायची नाही असा माझा मंगळवारचा नेम आहे, आणि आज बुधवार आहे.

म्हणून तर आमच्या चौलच्या चित्रपट महोत्सवाचा निकाल माझ्याकडे ठेवायचा ठरला.

महोत्सव म्हणजे शाळेचं सभागृह, तीन दिवस आणि बावीस सिनेमे. सगळे 'स्वतंत्र'. आमचे हे महोत्सवाचे चिटणीस, त्यांना मी विचारलं, स्वतंत्र म्हणजे काय हो? म्हणाले, "ज्याच्यामागे कुणी पैसेवाला उभा नाही, तो." मी त्यातले दोन पाहिले आणि पैसेवाला का उभा नाही ते मला कळलं. एकात अकरा मिनिटं सुपारी वाळत होती. आमच्याच वाडीतली सुपारी म्हणून मी शेवटपर्यंत बसले.

गेल्या वर्षी निकाल तासभर आधी फुटला होता. उत्कृष्ट अभिनेता कोण, हे त्या अभिनेत्याच्या आधी नाक्यावरच्या भजीवाल्याला ठाऊक! हरलेल्या एका दिग्दर्शकाने संतापून शाळेचा माईक विहिरीत टाकला. मुख्याध्यापकांनी यंदा बजावलं, पुन्हा निकालाचा घोळ झाला तर सभागृह विसरा. सभागृह नाही तर महोत्सव नाही. आणि निवृत्तीनंतर ह्यांना रक्तदाबाच्या गोळीपेक्षा महोत्सवच जास्त लागू पडलाय.

गुरुवारी दुपारी मुंबईहून आलेले परीक्षक विनेश सर घरी आले आणि लाखेची मोहर लावलेलं पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं.

"वहिनी, उद्या पाचला हे व्यासपीठावरच फोडायचं. तोवर तुम्ही आणि तुमचा देव."

"काळजी करू नका," मी म्हणाले. मी हळू बोलते, त्यामुळे त्यांनी दोनदा "काय?" केलं आणि ते काशीदचा समुद्र बघायला निघून गेले.

मी काही संशयी नाही. पण येणाऱ्याजाणाऱ्यांच्या घरात पाकीट उघड्यावर ठेवणं म्हणजे मांजरीला दुधाची राखण सांगणं. त्यात मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, संध्याकाळी व्रताचं उद्यापन. सात सवाष्णी यायच्या होत्या, त्यांच्यासाठी सात खण देवीपुढे रचले होते. तळाशी आठवा, पोपटी. तो द्यायला नव्हता, ढीग भरलेला दिसावा म्हणून होता. पाकिटाला हळदीकुंकू वाहून मी ते पोपटी खणाच्या घडीत सरकवलं.

तिजोरीपेक्षा ही जागा बरी. ओटीतल्या खणाची घडी कुणी मोडत नाही. तो शिवायचा नसतोच, पुढे द्यायचा असतो. हा पोपटी मला समोरच्या सुचिताने दोन वर्षांपूर्वी दिलेला. तिला कुणी दिला ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अशानेच शेजार टिकतो.

सातजणी आल्या आणि गेल्या. मी निरांजन सारखं करतेय तोच दारात आठवी! हेमाली. तीच ती सुपारीच्या सिनेमाची दिग्दर्शिका. कामोठ्याची पोरगी, नुकतं लग्न झालेली, आमच्या पूनमच्या होमस्टेमध्ये उतरलेली.

"काकांनी पाठवलं. म्हणाले, काकूंकडे हळदीकुंकू आहे, जाऊन ये."

सवाष्ण दारातून रिकामी कशी धाडायची? पाटावर बसवलं, कुंकू लावलं, नारळ आणि उरलेला खण तिच्या ओटीत घातला. मग मीही पूनमकडे, तिथून सुचिताकडे जाऊन आले. आमच्या पाखाडीत सगळ्यांचं उद्यापन एकाच दिवशी असतं.

शुक्रवारी सकाळी कलश हलवला, तेव्हा खणांची जागा मोकळी दिसली. उरलेला खण म्हणून हेमालीच्या ओटीत घातला तो पोपटीच, पाकिटासकट!

"पाकीट नीट आहे ना?" हे दाढी करता करता ओरडले.

मार्गशीर्षात खोटं बोलायचं नाही असाही माझा नेम आहे.

"देवीच्या हवाली आहे," मी म्हणाले.

विनेश सरांना फोन करून निकाल पुन्हा विचारता आला असता. पण मग पाकीट हरवल्याचं भजीवाल्याला कळलं असतं, त्याच्याकडून मुख्याध्यापकांना आणि सगळ्यात शेवटी ह्यांना. पाकीट सापडेपर्यंत अन्नाचा कण घ्यायचा नाही असा नेम करून मी निघाले.

वाटेत एकेक गोष्ट लख्ख दिसायला लागली. स्पर्धेतली बाई नेमकी माझ्याकडे कशी आली? सगळ्या गेल्यावरच कशी आली? आणि पाया दोनदा का पडली?

हेमाली अंगणात चहा पीत होती.

"कालचा खण आवडला का गं?"

तिचा चेहरा उतरला. "खूप, काकू."

"कुठे ठेवलास?"

"बॅगेत. अगदी तळाशी."

"बघू जरा."

"बॅगेला कुलूप आहे."

"चावी कुठाय?"

"बॅगेत."

खिडकीतून बॅग दिसत होती, पलंगावर आ वासून पडलेली. हिच्या सिनेमात अकरा मिनिटं काही घडत नाही आणि इथे अर्ध्या मिनिटात तीन थापा!

"हेमाली, काल गुरुवार होता. खरं सांग."

"रागावू नका ना. मी ब्लाउज घालतच नाही. पूनमताईंना एक खण कमी पडत होता, म्हणून त्यांना देऊन टाकला. घडीसुद्धा मोडली नाही, शपथ."

घडी मोडली नाही हे हिने न विचारता का सांगितलं? तो संशय पदरात बांधून मी स्वयंपाकघराकडे वळले. पूनम खोबरं खवत होती.

"मी? ओटीतला खण दुसरीला?" ती म्हणाली. "वहिनी, तुम्ही मला ओळखत नाही का?"

"ओळखते म्हणूनच विचारतेय."

"मग आधी तुम्ही सांगा. गेल्या साली मला दिलात तो जांभळा कुठनं आणलात?"

जांभळा माझ्या नणंदेच्या जावेकडून आलेला. नेमामुळे खोटं बोलता येईना आणि लाजेमुळे खरं.

पूनमने विजयाने एक वाटी खवून संपवली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "सुचिताला दिला. माझं नाव सांगू नका."

सुचिताने मला येताना पाहून खिडकी लावून घेतली. चौलमध्ये डिसेंबरात कोण खिडकी लावतं? मी मागच्या दाराने गेले.

"सुचिता, पोपटी खण कुणाला दिलास?"

"कुठला पोपटी?"

"पूनमने दिलेला."

"हिच्या तोंडात तीळ भिजत नाही," सुचिता पुटपुटली. मग माझ्याकडे बघून तिने मान खाली घातली. "वहिनी, नका ना विचारू. त्या बाईंना वाईट वाटेल."

"मुख्याध्यापकांची बायको?"

"नाही हो."

"पाखाडीतलीच?"

"अगदी जवळची. मोठ्या मनाची आहे, पण कळलं तर मनाला लावून घेईल."

ह्यापुढे तिने तोंड उघडलं नाही. जवळची आणि मोठ्या मनाची! मी घरी येऊन पाखाडीतल्या एकेकीवर विचार केला. जवळच्या पुष्कळ निघाल्या, मोठ्या मनाची एकही निघेना. तीन वाजले. आत हे आभाराचं भाषण पाठ करत होते, "हा महोत्सव विश्वासावर उभा आहे" ह्या वाक्याशी सारखे अडखळत होते.

सोनाबाई, आमच्या वाडीत कामाला येते ती, झाडू टेकून माझ्यासमोर उभी राहिली.

"वयनी, सकाळधरनं उपाशी हाव. काय हरवलंय?"

तिला मी खरं ते सांगितलं. तिच्याकडून खण फिरायची भीती नव्हती. तिला आम्ही कधी दिलेलाच नाही.

सोनाबाईने भिंतीकडे हनुवटी केली. "कालची पिशवी खुंटीलाच हाय. नारळबी न्हाय काढलेत तुमी."

पिशवीत दोन नारळ, पेढ्यांचा चुरा आणि तळाशी पोपटी खण. घडीत पाकीट, मोहर शाबूत, हळद किंचित पुसलेली. सुचिताने माझ्याच ओटीत नारळाखाली घातला होता, आणि मी न बघताच पिशवीत सारला होता. आधी मी देवीला हात जोडले. मग सुचिताचा राग आला. मग आठवलं की खण मुळात तिचाच. राग कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून जेवायला बसले.

पाच वाजता विनेश सरांनी व्यासपीठावर पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"वहिनी, हे पिवळं काय?"

"काल गुरुवार होता," मी म्हणाले.

त्यांनी मोहर फोडली. उत्कृष्ट चित्रपट, सुपारी. उत्कृष्ट दिग्दर्शन, हेमाली. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात मागून पूनमची कुजबूज कानावर आली, "म्हणून वहिनी सकाळी हिच्याकडे धावत आलेल्या होय!" सुचिताने "अस्सं" म्हटलं. दिवसभर मी सगळ्यांवर संशय घेतला, आणि संध्याकाळी तो व्याजासकट घरी परत आला.

"विजेतीची ओटी आता आमच्या सौभाग्यवती भरतील," ह्यांनी जाहीर केलं. नारळ आणलेला होता. खण आणायला हे विसरले होते. माझ्या पिशवीत एकच होता.

हेमालीने पदर म्हणून ओढणी पसरली, पोपटी रंग पाहिला आणि ओठ दाबून हसू आवरलं. वाकून म्हणाली, "काकू, ह्या वेळी मी खरंच शिवते."

"वेडी का तू?" मी तिच्या कानाशी म्हणाले. "शिवू नकोस, पूनमलाच दे. फिरत फिरत माझ्याकडेच येतो. कालही निकालासकट आला."

पहिल्या रांगेत मुख्याध्यापक उठून उभे राहिले.

मी फार हळू बोलते. पण यंदाचा माईक नवा होता.