दोन दरबारांचे सबनीस

सबनीस काका कुणाच्या घरी गेले की "आहात का?" असं विचारत नाहीत. दार उघडलं की उंबऱ्यातच ताठ उभे राहतात, हातातली पिशवी पुढे करतात आणि म्हणतात, "नजराणा आला आहे. दरबाराने स्वीकारावा."

पिशवीत रस्त्याकडेच्या झाडाखाली वेचलेली सफरचंदं असतात. निम्मी किडकी. ती ओट्यावर ठेवून काका जेवायला बसतात, पोटभर जेवतात आणि निघताना स्वयंपाकघराच्या दारात रेंगाळत राहतात. नजराणा आणणाऱ्याने परतभेट घेतल्याशिवाय दरबार सोडायचा नसतो म्हणे. किडक्या सफरचंदांच्या बदल्यात माझ्याकडून पुरणपोळ्या, आमटीचा डबा आणि आईने पुण्याहून पाठवलेलं मेतकूट गेलेलं आहे. असा फायद्याचा व्यवहार जर्मनीतल्या या अख्ख्या येना शहरात दुसऱ्या कुणाला जमलेला नाही.

"नजराणा म्हणजे गुलामी नव्हे, मीनल," काका डबा काखेत मारत म्हणतात. "नजराणा म्हणजे धंदा. जुर्चेन लोकांनी हे ओळखलं होतं."

हे जुर्चेन कोण, हे येनातल्या प्रत्येक मराठी माणसाला नाइलाजाने ठाऊक आहे. चीनच्या ईशान्येला, कोरियाच्या डोक्यावरच्या जंगलात राहणाऱ्या या टोळ्या. त्यांचे सरदार घोडे, जिनसेंगची औषधी मुळं आणि कातडी घेऊन बादशहापुढे वाकायचे आणि रेशमाचे तागे घेऊन परतायचे. काकांची हयात भिंगांच्या कारखान्यात गेली. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, गुडघे दुखवून घेतात. यांनी जुर्चेन धरले आणि दुखणं आम्हाला दिलं.

एकदा माझ्या मुलीच्या वाढदिवसाला काका दोन अनोळखी विद्यार्थ्यांना घेऊन उगवले. मी बघतच राहिले, तर जर्मनमध्ये होकार भरत म्हणाले, "या, या, बरोबर आहे. जुर्चेनही जास्त माणसं आणायचे. प्रत्येक माणसाला जेवण आणि भेट मिळायची ना! शेवटी चीनला माणसांवर मर्यादा घालावी लागली." मर्यादा घालायचा विचार माझ्याही मनात आला होता, पण विद्यार्थ्यांनी तोवर केकला हात घातला होता.

आता आमच्या गणपतीबद्दल. येनात मराठी घरं मोजकी, पण गणपती दोन. एक आमचा, एक शुभदा कुलकर्णीचा. मोदक उकडीचे की तळणीचे, इथून सुरू झालेला वाद एकमेकींच्या सासरपर्यंत पोचला आणि आमचं बोलणं थांबलं. काका दोन्हीकडे जायचे. त्यात काही नाही, म्हातारा माणूस. पण यंदा कुणीतरी मला शुभदाकडचं निमंत्रण मोबाइलवर पाठवलं. खाली लिहिलं होतं, 'प्रमुख सल्लागार : श्री. अरविंद सबनीस'. माझ्या निमंत्रणावरही हेच छापलेलं होतं, आणि ते काकांनीच मागून घेतलं होतं.

मी जाब विचारला. शरमतील असं वाटलं होतं. ते आनंदाने उडालेच.

"गेनाऊ! अगदी हेच! जुर्चेन सरदार चीनच्या बादशहाकडून पदवी घ्यायचे आणि कोरियाच्या राजाकडूनही घ्यायचे. चीनला कळलं तेव्हा त्याने खडसावलं कुणाला? कोरियाच्या राजाला! आल्झो, तेव्हा तू शुभदाला खडसाव."

"मी तुम्हालाच खडसावते, काका," मी म्हटलं. "फुकट खायचं, दोन्हीकडे मिरवायचं आणि वर इतिहास ऐकवायचा. आजपासून हा दरबार बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे येऊ नका."

त्यांनी एकदा गॅसवरच्या पातेल्याकडे पाहिलं आणि निघून गेले. खरं सांगते, मला हलकं वाटलं. गणपतीला ते आले नाहीत. शुभदाकडे सल्ले देत बसले असतील, असं मी धरून चालले. नवरात्र झालं, दिवाळीही झाली.

मग एका दुपारी सुपरमार्केटच्या रांगेत शुभदा माझ्या पुढेच उभी होती. आधी तीच बोलली. "सबनीस हल्ली तुमच्याकडेच असतात ना?"

"आमच्याकडे? नाही. मला वाटलं तुमच्याकडे."

"मी तर त्यांना गणपतीआधीच घालवून दिलं," ती म्हणाली. माझं निमंत्रण तिलाही कुणीतरी पाठवलं होतं.

म्हणजे गणपतीपासून ते कुणाकडेच गेले नव्हते. मग सामानासकट ट्राममध्ये बसलो.

काका गावाच्या टोकाला, उंच इमारतींच्या वसाहतीत राहतात. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीही तिथे गेलं नव्हतं. त्यांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, स्वेटरची बटणं वरखाली लागलेली. आम्हा दोघींना एकत्र पाहून काहीतरी बरळतील अशी माझी तयारी होती. ते नुसतं "या" म्हणाले.

आत एक भिंत छतापर्यंत पुस्तकांनी भरलेली होती. जर्मन, चिनी, कोरियन.

"एवढं सगळं वाचलंत?" शुभदाने विचारलं.

"माझी नाहीत. हाइकेची."

हाइके म्हणजे त्यांची बायको. ती कधीच सोडून गेली आणि हॅम्बर्गला मुलीजवळ राहते, एवढंच आम्हाला ऐकून माहीत होतं.

"युनिव्हर्सिटीत शिकवायची," काका म्हणाले. "जुर्चेन हा तिचा विषय. रात्री जेवताना सांगायला लागायची. मी म्हणायचो, कोण विचारतं त्या घोडेवाल्यांना? आणि टीव्हीचा आवाज वाढवायचो. ती गेल्यावर वाचायला घेतलं. एकेक शब्द कोशात बघून."

"मग त्यांना सांगितलंत?" मी विचारलं.

"वाढदिवसाला फोन करते ती. एकदा काढला विषय. म्हणाली, अरविंद, मी ते सगळं केव्हाच सोडलं."

अशा वेळी काय बोलतात ते मला कळत नाही, म्हणून मी पर्स उचलली. शुभदा मात्र उठली नाही. ही बाई हट्टी आहे, हे मी पूर्वीपासून सांगत आले आहे.

"त्या सरदारांचं पुढे काय झालं, काका?" ती म्हणाली.

काका तिच्याकडे संशयाने बघत राहिले. चेष्टा नाही, अशी खात्री पटल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"आल्झो," ते म्हणाले, "पुढे त्यातलाच एक सरदार मोठा झाला."

मग ते बोलत सुटले. घोडे, कातडी, जिनसेंग, कुणाच्या मुलाने कुणाचा प्रांत घेतला. भयंकर कंटाळवाणं होतं. पिशवीतला माझा गोठवलेला मटार वितळून जमिनीवर ओघळ आला. मी पर्स खाली ठेवली आणि विचारलं, "आणि कोरियाचा राजा काय म्हणाला?"