पुलावरून बाजूला व्हा

रोडोपी डोंगरातल्या आमच्या कामेन दोल गावात दगडी कमानीचा एक पूल आहे. ऊन कलू लागलं की तो आणि त्याचं नदीतलं प्रतिबिंब मिळून पूर्ण गोल दिसतो. या गोलाचे फोटो काढायला परदेशांतून लोक येऊ लागले, तेव्हा पुलावरून जाणारी माणसं हा दृश्यातला दोष ठरला. दोषनिवारणासाठी पंचायतीने दृश्यशुद्धी कक्ष उघडला आणि मला शिट्टी दिली.

काम सोपं होतं. बस आली की शिट्टी, शिट्टी झाली की पूल रिकामा. फक्त मिंचोकाकांची बायको दोना ऐकत नसे. तिचं घर अलीकडे, शेळी पलीकडे.

"काकू, बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय."

"शेळीला सांग तू, आज फ्रेम आहे, दूध उद्या दे."

मार्चमध्ये ती गेली. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो छापलेला कागद दारावर लावतात, चाळिसाव्या दिवशी पुन्हा नवा. पहिला कागद घाईत बिनफोटोचाच लागला. दुसऱ्यासाठी मिंचोकाका टोपी हातात घेऊन कक्षात आले.

"पोरा, दोनाचा एक फोटो दे."

"ओळखपत्रावरचा लावा की."

"ते तुमच्याच लोकांनी मृत्यूची नोंद करताना काढून घेतलं आणि कात्रीनं कापलं. नियम आहे म्हणाले."

"मग लग्नातला?"

"तो लावला तर लोक विचारतील, कोणाची नात गेली? अरे, जन्मभर रोज पूल ओलांडणारी बाई. एवढी दुनिया इथं फोटो काढते. कुठंतरी असेलच की."

सरपंच स्पासोव यांना मुद्दा रास्त वाटला. त्यांनी जाहीर आवाहन केलं: ज्या पर्यटकांचे फोटो एका म्हातारीमुळे बिघडले असतील, त्यांनी ते कृपया पाठवावेत. ढिगाने फोटो आले. सगळे निर्दोष. एकात शेळीचं शिंग होतं, त्याबद्दल पाठवणाऱ्याने माफी मागितली होती. माझ्या कामाचा दर्जा इतका वरचा आहे हे मला तेव्हाच कळलं.

शेवटी एका गृहस्थांचा फोटो आला. सोबत लिहिलं होतं, "इथे एक बाई शिट्टीला दाद देत नव्हती. मी तिला फोनवर बोटाने पुसून टाकलं. कुठे होती ते शोधून दाखवा."

मिंचोकाकांनी शोधून दाखवलं. बाई गेली होती, कठड्यावरची तिची सावली राहिली होती.

"हीच. बादलीकडचा खांदा खाली. आणि रुमालाची गाठ बघ, सुटलेली. कितीदा सांगितलं हिला."

चाळिसाव्याला दारावर ती सावली लागली, खाली नाव. पर्यटकांना दार फार भावलं. आता पुलापेक्षा तिथेच गर्दी असते, म्हणून सरपंचांनी माझी नेमणूक दारासमोर केली आहे. मिंचोकाका बाहेर पडू लागले की मी शिट्टी वाजवतो.

"अरे, घर माझं आहे."

"काका, दोनच मिनिटं. लोक लांबून आलेत."

तुम्हीही आला होतात. तुम्ही काढलेला दाराचा फोटो सुरेख आहे. उंबऱ्यावरची टोपीवाली सावली तेवढी पुसायची राहिली.