पोळ्याच्या दिवशी पारखलेली गाडी

"पस्तीस वर्सं झाली, माह्या हाताखालून एक खोटा बैल गेला नाही!"

सिहोऱ्याचा तुलाराम असं छातीवर हात ठेवून सांगायचा, आणि दुर्दैव म्हणजे ते खरं होतं. तो बाजारात शिरला की दलाल आपले म्हातारे बैल झाडामागं न्यायचे. तुलाराम आधी जनावराचं तोंड उघडून दात बघायचा, मग पुठ्ठ्यावर थाप मारायचा आणि शेवटी त्याला चिखलातून चालवायचा. चिखलातून चालवल्याशिवाय त्यानं कोणाच्या बापाचा बैल पास केला नव्हता.

दुर्दैव अशासाठी, की मग लोक त्याच्याकडं सगळंच पारखायला आणू लागले. म्हैस आणली, ठीक आहे. पण विहिरीची जागा, रेडिओ, होणारा जावई, काही म्हणजे काही सोडेनात! एकानं तर आपला चष्मा दाखवायला आणला. साठीला आलेला माणूस, गुडघे कुरकुरतात, आणि दारात रोज कोणीतरी काहीतरी घेऊन उभं! तुलाराम पार वैतागून गेला होता.

शहाऐंशी सालच्या पोळ्याला मात्र त्यानं ठरवलं होतं, आज कोणी सोन्याचा बैल आणला तरी बघायचा नाही. कारण आज मान त्याच्या जोडीचा होता. आखरावर, म्हणजे गावाबाहेर जिथं गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. संध्याकाळी जी जोडी पहिल्यांदा त्याच्याखालून जाऊन ते तोडेल, ती मानाची. मानाच्या जोडीला दारोदार पूजा, आणि बाजारात चढा भाव. एकोणीस वर्षं हा मान गोमाजी पाटलाच्या बैलांचा, आणि एकोणीस वर्षं तुलाराम आपला दुसऱ्या नंबरवर उभा!

यंदा गोमाजीनं ट्रॅक्टर घेतला, बैल विकले आणि तोरणाखालून ट्रॅक्टरच नेतो म्हणून हटून बसला. तेव्हा भर बैठकीत तुलारामच ओरडला होता, "इंजिनाले कायचा मान? मान चार पायांच्या जनावराचा!" बैठकीला ते पटलं, आणि मान तुलारामाच्या लाख्या-चांद्याला मिळाला. त्या दिवसापासून गोमाजी तुलारामाशी फार गोड बोलत होता.

मान मिळाल्याबरोबर तुलारामानं एक हुकूमही काढला. "पोळ्याले कोणाच्या बैलाच्या खांद्यावर जू दिसलं, तं मी तोरण तोडत नाही! सांगून ठेवतो!" पोळ्याला बैल जुंपत नाहीत हे गावातल्या कोंबडीलाही ठाऊक होतं. पण मान मिळालेला माणूस हुकूम काढल्याशिवाय राहतो थोडाच!

तर पोळ्याचा दिवस. पहाटेपासून बैल धुऊन, शिंगं रंगवून, झुली चढवून तुलारामाची कंबर मोडली होती. लाख्याच्या शिंगांवर बांधायचं मखरही तयार होतं. बांबूच्या कमच्या, रंगीत कागद आणि वर मोराचं पीस, चांगलं दोन हात उंच. आठ दिवस खपला होता बिचारा! शेजारची शेळी कागद खाते म्हणून मखर मांडीवर घेऊन तो ओट्यावर जरा टेकला, तोच दारात भोंगा वाजला.

चिमुकली पांढरी गाडी, आणि तिच्यातून महत्प्रयासानं बाहेर निघणारा मोहाडीचा बाबूलाल! बाबूलाल लुगड्यांचा व्यापारी, चौथीपर्यंत तुलारामाच्या बाकावर बसलेला. ही छोटी गाडी तेव्हा नवीनच निघाली होती. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. तुमसरच्या यादोरावाचा नंबर लागला होता, आणि आता त्याला ती विकायची होती. चालवत तोच होता.

"तुल्या, दहा मिनिटं!" बाबूलाल म्हणाला. "फकस्त पाहून घे. तू पास म्हटलं का घेतो, नाही म्हटलं का नाही घेत."

"बाबूलाल, आज पोळा हाय."

"म्हणून तं आलो! आज तू घरी सापडतं."

"अबे, मले गाडीतलं काय समजते?"

"चालते ना? ओढते ना? खाते ना? मंग बैलच झाला!"

तुलाराम उसासा टाकून उठला. नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं, आणि त्याचं सगळं बळ शिंगं रंगवण्यात संपलं होतं.

"अजी, तोरणाची वेळ होऊन राहिली ना!" आतून त्याची बायको सुलोचनाबाई ओरडली.

"दहा मिनिटं वो!"

मखर काखेत धरून तुलारामानं गाडीला एक फेरी मारली. बाबूलालनं वही काढली.

"खाते किती?"

"एका लिटरात अठरा किलोमीटर, काका!" यादोराव म्हणाला.

"कमी खाते. गुण लिही. तोंड उघडा." यादोरावानं पुढचं झाकण उघडलं. तुलारामानं आत वाकून बराच वेळ दात शोधले. "ओढते कोणत्या पायांनी?"

"पुढची चाकं ओढतेत."

"हा बी गुण. चालू करा."

"चालूच हाय ना काका!"

तुलारामानं झाकणाला कान लावला. "गरीब हाय. बोंबलत नाही." मग कपाळाला आठ्या पडल्या. "पण पोट लगित खाली हाय बाबूलाल, बांधाले घासन. आरसा एकाच अंगाले, म्हणजे एका कानाचं जनावर. अन् मागं धानाचं पोतं मावत नाही. लिहून राहिला ना?" असं म्हणत त्यानं पस्तीस वर्षांच्या सवयीनं मागच्या पुठ्ठ्यावर दणकन थाप मारली.

"अजी काका! खड्डा पडला ना!" यादोराव किंचाळला.

"कातडं पातळ," तुलारामानं बाबूलालला शांतपणे सांगितलं.

"झालं ना मंग? पास का?"

इथं हो म्हटलं असतं तर संपलं असतं! बैलही तयार होते, वेळही होती. पण पस्तीस वर्षांची सवय, ती काय अशी सुटते?

"चिखल राहिला," तुलाराम म्हणाला.

"काका, ही गाडी रस्त्याची हाय!"

"पावसाळ्यात आमच्या रस्त्यात अन् बांधीत काय फरक हाय भाऊ?"

यादोराव बाबूलालकडं बघू लागला. बाबूलाल म्हणाला, "चालव ना बाप्पा. खोट असन तं आत्ताच दिसू दे."

आखराच्या वरच्या अंगाला तुलारामाची एक बांधी, म्हणजे धानाचं छोटं शेत, होती. रोवण्यासाठी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, काढून नेल्यावर ती रिकामीच होती, नुसता गुडघाभर चिखल. यादोरावानं देवाचं नाव घेऊन गाडी आत घातली. पहिले दहा हात ती अशी सुळकन गेली, की शेजारी बसलेल्या तुलारामाच्या तोंडून "वाहवा!" निघालं. अकराव्या हाताला ती बसली. यादोरावानं जोर लावला, तशी पुढची चाकं जागच्या जागी फिरली आणि बांधावर उभ्या असलेल्या बाबूलालचं पांढरंशुभ्र धोतर, कुडता आणि वही चिखलानं माखून काढली.

"बैल आणा ना एखादी जोडी!" डोळे पुसत बाबूलाल म्हणाला.

तुलारामानं गावाकडं पाहिलं. गावात चाळीस जोड्या सजून उभ्या होत्या, आणि एकीच्याही खांद्यावर आज जू चढणार नव्हतं. हुकूम त्याचाच होता!

तेवढ्यात गोमाजी पाटील बांधावर आला. बातमी कशी पोचते कोण जाणे!

"काय तुलारामजी, पारख चालू हाय?"

"पाटील," तुलारामानं मान खाली घालून विचारलं, "तुमचा ट्रॅक्टर जरासा..."

"अरेरे! त्याचाही आज पोळा हाय ना. सकाळी आंघोळ घातली, हार घातला. अन् तुमीच म्हणलं ना, इंजिनाले मान नाही? मंग बिनमानाच्याले कायले बोलावता?"

आखरावर डफडं वाजायला लागलं. सूर्य झाडांपर्यंत उतरला होता. एकोणीस वर्षं वाट बघितलेली वेळ, आणि हा इथं चिखलात!

शेवटी माणसंच धावली. नवे सदरे काढून बांधावर ठेवले, दोर बांधला. मखर चिखलात ठेवता येईना, म्हणून तुलारामानं ते गाडीच्या टपावर ठेवलं आणि उरलेल्या दोराच्या तुकड्यानं, उघड्या खिडक्यांमधून घेऊन, घट्ट बांधलं. त्याचे गुडघे ओढायच्या कामाचे नव्हते, म्हणून लोकांनी त्याला पुन्हा आत बसवलं.

"हर हर महादेव!" झाली जोरदार ओढाओढ. गाडी चिखलातून सुटली, आठ जणांनी उचलून बांधापलीकडं ठेवली.

"उचलायले हलकी! गुण लिही बाबूलाल!" तुलाराम आतून ओरडला. वही आता कशी होती ते सांगायला नको.

इंजिन बंद पडलं होतं. लोकांनी उतारावर ढकललं. गचके बसले, इंजिन सुरू झालं, आणि गाडी आखराकडं निघाली.

"बस, इथंच थांबव. मी उतरतो."

"काका, थांबत नाही ना!"

"म्हणजे?"

"ब्रेकात चिखल गेला!"

तिकडं आखरावर लोकांना झुडपांवरून येणारं मखर दिसलं, फक्त मखर. मानाचं मखर निघालं म्हणजे मानाची जोडी निघाली! डफडंवाल्यांनी जोर धरला, गर्दी दोन्ही बाजूंना हटली. तोरणासमोर सुलोचनाबाई लाख्या-चांद्याचे दोर धरून नवऱ्याची वाट पाहत उभी होती. तिच्या शेजारून, भोंगा वाजवत, पांढरी गाडी गेली. खिडकीतून तुलाराम दोन्ही हात जोडून ओरडत होता, "बाजूले व्हा! बाजूले व्हा!" लोकांना वाटलं, नमस्कार करतोय. त्यांनीही हात जोडले.

मखर तोरणात अडकलं. फाटदिशी तोरण तुटलं, मखर मोडून खाली पडलं, आंब्याची पानं गाडीच्या कपाळावर आली, आणि गाडी पलीकडच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात शिरून शांत झाली.

सगळ्यात आधी सावरला तो गोमाजी.

"तोरण तुटलं! मान झाला!" तो गर्जला. "चाकं मोजा रे. चार हायत ना? मंग पाय समजा!"

तुलाराम तणसातून बाहेर आला. लाख्या त्याच्याकडं बघत होता. त्याच्या नजरेला नजर देण्याची तुलारामाची हिंमत झाली नाही. त्याला मनापासून रडू येत होतं. पण सणाचा दिवस, रडायचं कसं?

इतक्यात बाबूलाल धापा टाकत पोचला. "यादोराव, घेतली गाडी! ठरलेल्या भावानं!"

यादोरावानं गाडीच्या कपाळावरची पानं हळूच सारखी केली.

"त्या भावात आता कशी देऊ, शेटजी? तोरण तोडलेली गाडी हाय ना ही. मानाची."

"अबे, सकाळी बोलणं झालं ना!"

"सकाळी ती नुसती गाडी होती."

बाबूलाल लालबुंद झाला. "तुल्या, तूच सांग! पस्तीस वर्सं तू खोटं बोलला नाही. मानाचा म्हणून भाव वाढते का?"

सगळं गाव तुलारामाकडं बघू लागलं. नाही म्हटलं की मित्राचं काम होत होतं, आणि वरून त्या गाडीचा मानही जात होता. एक शब्द, बस! पण हा नियम गेली पस्तीस वर्षं बाजारात तोच सांगत आला होता.

"वाढते," तुलाराम कसाबसा म्हणाला.

"अन् गाडी? पास का नापास?"

"चिखलातून निघाली. पास."

बाबूलालनं चिखलाची वही जमिनीवर आपटली. गर्दी पांगायला लागली, मागच्या जोड्या रांगेनं तुटक्या तोरणाखालून जाऊ लागल्या. लाख्या-चांद्या दुसऱ्या नंबरवर गेले, एकोणीस वर्षांच्या सवयीनं, कोणी हाकलायच्या आधीच.

सुलोचनाबाई पूजेचं ताट आणि पाण्याचा लोटा घेऊन गाडीसमोर उभी राहिली. तिनं ताटात दोन पुरणपोळ्या ठेवल्या होत्या. मानाच्या जनावराचे पाय धुतल्याशिवाय गावात पोळा पुरा होत नाही. तिनं गाडीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं.

"अजी, हिचे पाय पुढचे धुऊ का मागचे?"

तुलाराम मोडक्या मखराशेजारी खाली बसला.

"पुढचे धू," तो म्हणाला. "अन् पाणी पुरवून वापरजो. आपल्या बैलायचे राहिले हायत."