तिसरा आग्रह

"घ्या चहा," आगा नूरबख्श म्हणाले.

"नको, आपल्याला उगाच त्रास," कामबीझ म्हणाला.

शिराजमध्ये भल्या घरचा पाहुणा दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्या आग्रहाला पेला उचलतो. माहरुखला मागणी घालायला आलेला कामबीझ तर आज भलेपणाची शर्थ करणार होता. माहरुखचे वडील आगा नूरबख्श म्हणजे छंदशास्त्राचे निवृत्त मास्तर. वृत्तात अडखळलेल्या आधीच्या दोघांना त्यांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या. म्हणून माहरुखने महिनाभर फोनवरून त्यांच्या आवडीची एक जुनी प्रेमाची गझल त्याच्याकडून घोटून घेतली होती.

"अहो, घ्या हो!"

"नको, आपल्याला उगाच त्रास."

तिसरा आग्रह यायच्या आत मास्तर गझलेत शिरले. "मतल्याचं, पहिल्या शेराचं, वृत्त सांगा बघू."

कामबीझने गुडघ्यावर बोटे आपटत लघू-गुरू मोजले. काफिया, म्हणजे यमक, सांगितला. प्रत्येक शेराच्या शेवटी जसाच्या तसा येणारा रदीफही दाखवला. मास्तर रंगले, चहा निवला. पुढे काकड्यांचे तेच, मिठाईचेही तेच: दोनदा नको, आणि तिसऱ्या आग्रहाच्या जागी नवा प्रश्न. सातव्या शेराला कामबीझच्या घशाला कोरड पडली आणि एक गुरू घशातच राहिला.

"वृत्त मोडलं!"

"पोरगं मोडेल आता," त्याची आई तूबाखानम कळवळली. "घोटभर काहीतरी द्या त्याला!"

"माहरुख गेलीय ताजा चहा आणायला. आधीचे दोघे पहिल्याच ओळीत आपटले होते. हा सातव्या शेरापर्यंत आला." मास्तर प्रसन्न हसले. "चला, मुलगी तुमची!"

"नको, आपल्याला उगाच त्रास," कामबीझ सवयीने बोलून गेला.

आईने असा चिमटा काढला की डोळ्यांत टचकन पाणी आले. मास्तर पडल्या चेहऱ्याने उठू लागले. संपले, कामबीझला वाटले, दोन वर्षांचे प्रेम आपल्याच जिभेने घालवले.

तेवढ्यात माहरुख चहा घेऊन आली. "बाबा, बसा. इतकी वर्षं शिकवलंत आणि ओळखलं नाहीत? रदीफ आहे तो त्याचा."

मास्तरांनी बोटांवर चहा, काकडी, मिठाई मोजली. "खरंच की!" म्हणत ते बसले.

माहरुखने वाफाळता पेला कामबीझपुढे धरला. "बाबांना तिसऱ्यांदा विचारायचं सुचत नाही. मी विचारते. घेतोस?"

कामबीझने तो एका दमात रिकामा केला. जीभ अशी पोळली, की "हो" सुद्धा तीन तुकड्यांत बाहेर आले.

या वेळी मास्तरांनी लघू-गुरू मोजले नाहीत.